धावा लागलाय

अकरा गावं, सतरा दिवस, एक जुनी अर्टिगा आणि ८४ तासांचं फुटेज. २०२५च्या जानेवारीत मी एका मराठी स्टँडअप कॉमेडियनबरोबर दौऱ्यावर गेले आणि त्या दौऱ्याची पडद्यामागची फिल्म केली. आता ती एडिटवर आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी रात्री जेवणं आवरली, की मी माडीवर जाते, हेडफोन चढवते आणि एकच विनोद अकरा वेळा ऐकते. आधी पुण्याचा, मग साताऱ्याचा, कराडचा, असं करत करत कोल्हापूरपर्यंत. या एका विनोदानं फिल्मचा बराच वेळ खाल्ला आहे आणि मी तो खाऊ दिला आहे. का, ते इथं लिहून ठेवते.

फिल्म पुरी होईपर्यंत नाव नको, असं त्याचं म्हणणं आहे, म्हणून ‘तो’ एवढंच लिहिते. करवीर तालुक्यातल्या, पंचगंगेकाठच्या एका गावचा. सहा वर्षं औषध कंपनीत एमआर होता. सांगली-कोल्हापूर-बेळगाव हा पट्टा त्यानं मोटारसायकलवर पालथा घातलेला, त्यामुळं कुठल्या गावात रात्री बारानंतर जेवण मिळतं आणि कुठल्या लॉजवर सकाळी गरम पाणी येतं, हे त्याला तोंडपाठ. मी लग्नाचे व्हिडिओ करते. अकरा वर्षं करते आहे. मी वयानं मोठी, म्हणून तो मला ताई म्हणतो. दुसऱ्या कॅमेऱ्यावर माझा मावसभाऊ होता.

निघण्याआधी अभ्यास म्हणून मी जेरी साइनफेल्डवरचा २००२ सालचा ‘कॉमेडियन’ हा माहितीपट पाहिला. १९९८ला साइनफेल्डची टीव्हीवरची मालिका संपली, तेव्हा नाव, पैसा, सगळं त्याच्याकडं होतं. त्याच वर्षी त्यानं आपले जुने विनोद एका कार्यक्रमात शेवटचे करून मोडीत काढले आणि न्यूयॉर्कच्या छोट्या क्लबांमध्ये कागद घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. फिल्ममध्ये एकदा तो बोलता बोलता अडतो. पुढचं आठवतच नाही. एवढ्या मोठ्या माणसाला पाच-दहा मिनिटांचं नवीन जमवायला रात्रीमागून रात्री घालवताना पाहून मला आमच्या दौऱ्यात कुठं बघायचं ते समजलं. मी मावसभावाला सांगितलं, ग्रीनरूममधल्या गप्पा थोड्या कमी घे, त्याच्या वहीवर कॅमेरा ठेव.

वडिलांना यातलं काहीच नवीन वाटलं नाही. ते म्हणाले, “एकटा माणूस उभा राहून गावोगाव हसवत फिरतोय, हे आमच्याकडं कधीपासनं चाललंय.” मिरासदार, माडगूळकर आणि आपल्या पट्टणकोडोलीचे शंकर पाटील कथाकथनाला गावोगाव जायचे, ते वडिलांनी शाळकरी वयात ऐकलेलं. गोष्टी त्यांना आता नीट आठवत नाहीत. आठवतं ते त्यांचं थांबणं.

वडील म्हणजे आमच्या घरातले खरे साउंडवाले. पॅलेस थिएटरात, म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृहात, त्यांनी उमेदीची वर्षं काढली. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१५ साली खुलं झालेलं ते थिएटर ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी वडील खासबागेच्या बाजूनं जाऊन बघून आले आणि त्यानंतर चार महिने त्यांनी नाटकाचा विषयच काढला नाही. आमचा कोल्हापूरचा प्रयोग खरं तर तिथं व्हावा अशी माझी फार इच्छा होती.

त्यांचा एक नियम मी लहानपणापासून ऐकत आले आहे. हशा चढतो, टिकतो आणि उतरतो. नटानं पुढचं वाक्य टाकायचं ते हशा उतरत असताना. चढताना टाकलं तर वाक्य फुकट जातं, आणि पुरता संपल्यावर टाकलं तर सगळं थिएटर पुन्हा पहिल्यापासून उचलावं लागतं.

आता तो विनोद.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. त्याच्या गावात पाणी दारात आलं तेव्हा घरातल्यांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून रात्रीत म्हैस दगडी जिन्यानं माडीवर चढवली. खरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी बोट आली. पुण्यात त्यानं ती अशी सांगितली:

बोटीतला जवान हिंदीत विचारतो, माँ जी, घर में और कौन है? आजी म्हणते, आमची थोरली हाय वर. पोटुशी हाय. तिला आधी न्या. जवान वायरलेसवर कळवतो, गर्भवती महिला, डॉक्टर तयार ठेवा. जिना चढून वर जातो. बघतो तर खोलीत आमची म्हैस उभी होती.

पुण्याचे लोक हसले, पण हशा आखूड. मी नंतर मोजला, ४१ फ्रेम. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर दोन सेकंदही नाहीत. टाइमलाइनवर आवाजाच्या लाटा दिसतात, त्यात कारण अगदी उघडं दिसत होतं. हशा ‘म्हैस’वर फुटला होता, आणि त्याच्याखाली ‘उभी होती’ चिरडलं गेलं होतं. माणूस अजून बोलतो आहे हे कळल्यावर लोक हसू आवरतात, काय म्हणाला ते ऐकायला. ऐकू येतं काय, तर ‘होती’. तोवर हसू गेलेलं.

साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या अलीकडं चहाला थांबलो, तिथं मी त्याच्या कानाला हेडफोन लावले. त्यानं तीनदा ऐकलं. मग म्हणाला, “ताई, ‘होती’ खातंय.”

वही काढून तो पुढचा तासभर मागच्या सीटवर नुसता काट मारत बसला. होता, होती, होतं, आहे, गेला. मराठी वाक्याच्या शेवटी क्रियापद येऊन बसतं आणि विनोदाचा शब्द त्याच्या अलीकडं अडकतो. शाळेत आपल्याला वाक्य पुरं करायला शिकवतात. त्याची आजी कधीच तसं बोलत नव्हती. “बघतोय तर काय, म्हस!” असं ती सांगायची, हे त्याला त्या वहीवर काट मारताना आठवलं. त्या क्षणाचा शॉट माझ्याकडं आहे. तो पेन थांबवतो, खिडकीबाहेर बघतो, आणि ओठ हलवून आजीचं वाक्य स्वतःशी म्हणून बघतो. आवाज नाही, गाडीचाच घरघराट आहे. फिल्ममधला माझा सगळ्यात आवडता शॉट हाच.

साताऱ्यात त्यानं ‘म्हैस’वर वाक्य तोडलं आणि तोंड मिटलं. ८७ फ्रेम.

दौऱ्यात काय काय असतं, हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही, म्हणून थोडं सांगते. तो प्रयोगाआधी दोन तास हॉलवर जातो आणि पहिल्यांदा शेवटच्या रांगेत बसतो. तिथून टाळी वाजवून बघतो, आवाज किती घुमतो ते. मग पंखे. जुन्या हॉलमध्ये पंख्यांची अशी घरघर असते की पहिल्या दहा रांगांचं हसू मागं पोचतच नाही, आणि हसू हे ऐकून वाढतं. मग रिकाम्या खुर्च्या काढून उरलेल्या जवळ सरकवायच्या. आणि शेवटी सोफे. आपल्याकडं लहान गावात कुठलाही कार्यक्रम असो, पहिल्या रांगेत पाहुण्यांसाठी सोफे टाकलेले असतात. पाहुणे उशिरा येतात, लवकर जातात, आणि हसायचं की नाही ते शेजारच्याकडं बघून ठरवतात. त्यांच्या मागच्या लोकांना पाहुण्यांचे मख्ख खांदे दिसत राहतात. तो संयोजकांना हात जोडून सांगतो, सोफे चौथ्या रांगेत ठेवूया. सात ठिकाणी ऐकलं, चार ठिकाणी नाही. एका गावात प्रयोगाआधी शाल, नारळ, सत्कार आणि चार भाषणं झाली, पस्तीस मिनिटं गेली. त्याच गावात हॉलच्या कॉर्डलेस माइकची बॅटरी मधेच संपली आणि दुसरी कुणाकडंच नव्हती. उरलेला अर्धा तास तो नुसत्या घशावर बोलला. रात्री लॉजवर त्याचा आवाज इतका बसला होता की जेवण मागवायला मला फोन करावा लागला. मी हे चिडून लिहिते आहे, हे मला कळतंय. तिकीट काढून आलेली माणसं आणि घसा फाडून बोलणारा माणूस, या दोघांच्या मधे तीस रुपयांच्या बॅटरीनं यावं, याचा मला अजून राग येतो.

निपाणी आणि बेळगावनंतर गडहिंग्लज. तिथं प्रयोग संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ ग्रीनरूमच्या दाराशी आले. धोतर, डोक्याला टोपी, हातात काठी. आधी त्याच्या पाठीवर हात ठेवला, मग म्हणाले, “पोरा, ब्येस बोललास. पन म्हशीला पोटुशी कोन म्हनतंय? गाभण म्हन. तुझी आज्जी म्हशीवाली आनि पोटुशी म्हनंल व्हय?”

ते गेल्यावर तो कपाळाला हात लावून बसला. म्हाताऱ्याचं शंभर टक्के बरोबर होतं. पण आजीनं ‘गाभण’ म्हटलं की वर म्हैस आहे हे तिथंच फुटतं, जवानाला वर जायचं कारणच उरत नाही. शब्द खोटा ठेवावा तर जाणकार माणूस दुखावतो, खरा ठेवावा तर गोष्ट पडते. त्यानं त्या रात्री वहीत बारा शब्द लिहिले. अवघडलेली. जडावलेली. दोन जिवांची. एकही आजीच्या तोंडी बसेना.

आमचा ड्रायव्हर कागल तालुक्यातला. दहा दिवसांत तो ‘डिझेल टाकूया’ आणि ‘उतरा’ यापलीकडं फारसं बोलला नव्हता. सकाळी इचलकरंजीला निघालो तर घाट उतरल्यावर समोर बघतच म्हणाला, “आमच्यात म्हशीला कितवा, म्हनून इचारत्यात. कितवा लागलाय.”

गाडीत कुणी काही बोललं नाही. म्हैस दहा महिन्यांनी विते. बाईचे नऊ.

इचलकरंजीत विनोद असा झाला:

घर में कोई बीमार है, माँ जी? बीमार न्हाई बाबा, थोरलीचं दिवस भरत आल्यात. कौनसा महीना? धावा लागलाय.

धावा, म्हणजे दहावा. एवढ्यावर तो थांबला. माझा ऑडियन्स माइक स्टिरिओ होता, एक डावीकडं, एक उजवीकडं. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं, की हशा आधी उजव्या कानात, मागच्या कोपऱ्यात उठतो. बायकांचा आवाज आहे. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या बायका असणार. मधल्या रांगांना अजून काही कळलेलं नाही. मग एक पुरुषी आवाज येतो, “म्हस हाय, म्हस!” आणि डावा कान उजळतो. जवान अजून जिन्याखालीच उभा आहे. त्याला वर जावंच लागलं नाही. ‘म्हैस’ हा शब्द त्या रात्री त्यानं उच्चारलाच नाही, लोकांनी उच्चारला.

हेडफोनमधून हे ऐकताना मला अंगावर काटा येतो. पुण्यापासून इथपर्यंत आधी एक क्रियापद गेलं, मग एक खोटा शब्द गेला, मग खुद्द म्हैस गेली. उरलं ते आजीचं बोलणं, जसं ती २०१९ला बोलली असेल तसं.

दुसऱ्या दिवशी जयसिंगपूर.

शिरोळ तालुका हा. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा, सगळं पाणी इकडं येतं. २०१९ला आजूबाजूची गावं दिवसच्या दिवस पाण्यात होती. विनोद सुरू होताना मी लोकांकडं कॅमेरा फिरवला. ‘धावा’वर हशा आला, इचलकरंजीपेक्षा मोठा. पण त्यात अध्येमध्ये भोकं होती. काही चेहरे हसत नव्हते. खाली बघत होते.

प्रयोगानंतर सेल्फी घेणारे गेले आणि मागं एक बाई उभी राहिली. पन्नाशीची असेल, डोक्यावर पदर. मी कॅमेरा उचलला, तिच्या तोंडाकडं बघितलं आणि खाली ठेवला. त्याच्या शर्टाला फिल्मसाठी लावलेला लेपल माइक मात्र चालूच होता, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. त्यामुळं चित्र नाही, आवाज आहे.

“दादा, तुमची म्हस चढली. आमच्या दोन ऱ्हायल्या. बोटवाला म्हनला, मानसं आदी. म्या दावी सोडाय गेले, तवर मला दंडाला धरून वडून आत घातलं. दावं सुटलं असतं तर प्वहल्या असत्या वो. म्हस बुडत न्हाई. बांदल्याली बुडत्या.”

मग बराच वेळ त्याचा श्वासच ऐकू येतो. मग तो म्हणतो, “मावशी, मी काढून टाकतो हे.”

“काढू नगासा. म्या बी हसले की. धावा म्हनला आनि मला आमचीच चंद्री दिसली. पन बांदल्याल्या ऱ्हायल्या, ते बी सांगा कुनी तरी.”

कोल्हापूरकडं येताना शिरोलीच्या पुलापाशी तो पहिल्यांदा बोलला. इथं हायवे पाण्याखाली होता, ट्रकच्या रांगा होत्या, एवढंच म्हणाला. मला अमेरिकेतल्या जोन रिव्हर्सवरची २०१०ची फिल्म आठवत होती. पंचाहत्तरीतली ती बाई गावोगाव प्रयोग करत फिरते आहे. एका ठिकाणी तिनं बहिऱ्या माणसांवरून विनोद केला, आणि एक प्रेक्षक ओरडला की ज्याचा मुलगा बहिरा आहे त्याला हे हसण्यासारखं नाही. तिनं स्टेजवरूनच त्याला जोरात उत्तर दिलं, स्वतःची आई बहिरी होती म्हणून सांगितलं, कार्यक्रम सावरला. आणि नंतर, स्टेजवरून उतरल्यावर, तिला त्या माणसाबद्दल वाईट वाटत होतं. आमच्याकडं आरडाओरडा काहीच झाला नव्हता. एक बाई हळू आवाजात बोलून निघून गेली होती. मला वाटतं, त्याला उत्तर देता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

मधे एक दिवस सुट्टी होती. तो आमच्याकडंच राहिला. संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन आम्ही समोर काढलेलं धारोष्ण दूध प्यायलो. म्हशी ओळीनं उभ्या होत्या आणि तो त्यांच्या दाव्यांकडं बघत होता. रात्री जेवताना त्यानं वडिलांना सगळं सांगितलं. विचारलं, “बाबा, ते वाक्य घालायचं ठरवलंय. पण कुठं घालू? हशा उतरताना घातलं तर त्यातच मिसळून जाईल.”

थिएटर जळाल्यापासून वडील अशा प्रश्नांना उत्तरच देत नव्हते. त्या रात्री ताटावरच बसून राहिले, हात वाळला तरी.

“ह्या वाक्याला नियम लावू नको,” ते म्हणाले. “हशा पुरता संपू दे. एक खोकला ऐकू येईपर्यंत थांब. लोकांना वाटू दे की तू विसरलायस. मग बोल.”

“मग प्रयोग पडेल की.”

“पडू दे. उचलायला तुझ्याकडं म्हैस उतरवायची राहिली आहे की अजून.”

हे खरं होतं. प्रत्येक गावात प्रयोगानंतर लोक त्याला एकच विचारायचे, म्हैस उतरवली कशी? चढताना म्हैस चढते, उतरताना पायऱ्या बघून बिचकते. आठव्या दिवशी डोळ्यांवर पोतं टाकून, मागून शेपटीला दोघं आणि पुढं दाव्याला एक, असं तासभर लागून ती खाली आणली होती. हा भाग त्याच्या वहीत होता, स्टेजवर कधी आला नव्हता.

शाहू स्मारकात प्रयोग झाला. घरचा मुलगा म्हणून गर्दी झाली होती, लोक पायऱ्यांवर बसले होते. वडील मागं, साउंडच्या टेबलाशेजारी खुर्ची घेऊन. ‘धावा लागलाय’ला कोल्हापूर जे हसलं, ते माझ्या रेकॉर्डरच्या काट्यानं लाल होऊन दाखवलं. तो थांबला. हशा टिकला, उतरला, संपला. कुणीतरी खोकलं. तो तसाच उभा.

मग म्हणाला, “आमची चढली. शिरोळात कितीकांच्या बांधलेल्याच राहिल्या.”

त्यानंतरची शांतता १६३ फ्रेमची आहे. साडेसहा सेकंद. मावसभाऊ म्हणतो, ती दोन सेकंदांवर आण. लोक फोनवर बघणार, साडेसहा सेकंद काही झालं नाही की पुढं सरकवतात. त्याच्या धंद्यातलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ तो दीड मिनिटात बसवतो. पण ती शांतता मी कापणार नाही. त्या सेकंदांत साडेतीनशे माणसं श्वास धरून बसलेली ऐकू येतात, लांब दसरा चौकातल्या रिक्षाचा हॉर्न ऐकू येतो, आणि शेवटाला कुणीतरी बांगड्या सारख्या करतं. हे कापलं तर अलीकडच्या हशाला मी काय म्हणून ठेवू? त्या हॉलमध्ये पूर न पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता.

मग त्यानं म्हैस उतरवली. पोतं, शेपूट, जिना. आणि लोक हसले, आधीपेक्षा वेगळं हसले, सैल झाल्यासारखे. वडिलांनी खुर्चीत बसल्या बसल्या डावा हात वर केला होता, बोटं पसरून. तो त्यांचा जुना इशारा, लाइट ऑपरेटरला द्यायचे तो: थांब, अजून थांब, आता.

राहिला प्रश्न त्या आवाजाचा. मावशींना माइक चालू होता हे माहीत नव्हतं, आणि न विचारता तो फिल्ममध्ये घालणं मला पटेना. न घालता फिल्मही होईना. संयोजकांमार्फत गावाचा पत्ता लागला. गेल्या महिन्यात लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन मी एकटीच एसटीनं गेले. घर नवीन बांधलंय, जोतं आधीपेक्षा उंच घेतलंय. गोठ्यात एक म्हैस होती. मी सगळं खरं सांगितलं, की चुकून रेकॉर्ड झालं, तुम्ही नको म्हणालात तर आत्ता तुमच्या समोर पुसते.

त्यांनी पदर मागं सारून हेडफोन घातले. आधी इचलकरंजीचा हशा ऐकला, मग स्वतःचा आवाज, मग कोल्हापूरची शांतता. शांतता चालू असताना त्यांनी माझ्याकडं बघितलं, बंद पडलं का म्हणून. मी मान हलवली. त्या पुन्हा ऐकत राहिल्या.

“ऱ्हाऊ द्या,” म्हणाल्या. “माझं नाव नगं. द्यायचं तर चंद्रीचं आनि मोरीचं द्या.”

चहा झाला. मी लॅपटॉप पिशवीत घालत होते.

“आनि त्येंची व्याली कवा?”

मला काही सुचेना. अकरा गावांत लोकांनी म्हैस उतरवली कशी ते विचारलं. दहावा लागला होता, म्हणजे पुढं काय झालं, हे कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी तिथूनच त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“चौथ्या रात्री,” तो म्हणाला. “माडीवरच. वडील होते तिच्यापाशी, खाली पाणी होतं अजून.”

“रेडा का रेडी?” मावशींनी फोनकडं वाकून विचारलं.

“रेडी.”

“बेस झालं,” त्या म्हणाल्या आणि कपबश्या उचलून आत गेल्या.